लाटसाहेबांनी हात केला

त्या घाटात समोरून येणाऱ्या गाडीला हात करायची पद्धत होती, आणि लोक ती जेवणाखाण्याइतकी मनावर घेत.

ओळख असो नसो, काल भांडण झालेलं असो, हात करायचाच. पावाच्या गाडीवाला स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलायचा. दोनच, जास्त उचलली तर झिजतील अशा बेताने. दुधाच्या टँकरवाली बाई मात्र कोपरापर्यंत हात खिडकीबाहेर काढून असा हलवायची, की बघणाऱ्याला वाटावं ही कुणाला तरी बोटीवर पोचवायला आलीये. कचऱ्याच्या ट्रकवाल्याचा एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा कायम नाकावर. तो भुवई उडवायचा, आणि तेवढी भुवई चालायची.

यात नुसता प्रेमळपणा नव्हता. अकरा किलोमीटरचा उतार, चौतीस वळणं, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. अशा रस्त्यावर हात केला आणि समोरच्याने उत्तर दिलं नाही, तर त्याचा अर्थ ठरलेला होता: माणूस अडचणीत आहे. डुलकी लागलीये, छातीत कळ आलीये, नाहीतर गाडीचं काही बिनसलंय. मग ज्याच्या हाताला उत्तर मिळालं नाही त्याने पुढच्या रुंद जागेवर गाडी वळवायची आणि त्याच्या मागे जायचं. यावर चर्चा नसे.

आणि याच रस्त्यावर, माथ्यावरच्या डोळ्यांच्या दवाखान्याची मिनीबस चालवणारा ड्रायव्हर कुणालाही हात करत नसे.

पहिल्या महिन्यात लोक त्याच्यासाठी चार वेळा मागे फिरले. दुधाची बाई तर भरलेला टँकर वळवून त्याच्या मागे सहा वळणं आली. तिने गाडी आडवी घातली, धावत जाऊन त्याच्या खिडकीत डोकं घातलं आणि विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला.

"मग हात का केला नाहीत?"

दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

शेवटी पंक्चरच्या दुकानासमोर ड्रायव्हरांची बैठक भरली आणि ठरलं, की याच्या मागे जायचं नाही. त्याचं तसंच आहे. मोठा लाटसाहेब लागून गेलाय. तेव्हापासून त्याचं नाव लाटसाहेब पडलं. त्याला हात करणं कुणी सोडलं नाही, पण तो हात आता नमस्कारापेक्षा टोमण्याच्या जातीचा होता. या गोष्टीला तीन वर्षं झाली.

खरी गोष्ट अशी की लाटसाहेब भित्रा होता. साधासुधा नव्हे, मन लावून भित्रा. दवाखान्यात तो आधी पेशंटसमोर अक्षरांचा तक्ता धरून उभा राहायचा. जुना ड्रायव्हर निवृत्त झाला तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "तुझ्याकडे लायसन्स आहे ना?" लायसन्स होतं. ते सासरच्यांवर छाप पाडायला काढलेलं होतं, हे सांगायचं राहून गेलं.

त्याची पक्की समजूत होती की गाडी रस्त्यावर राहते ती आपण धरून ठेवलीये म्हणून. हात सुटला की गाडी सुटली. गिअर बदलायला डावा हात काढावाच लागे, तोही तो तापल्या तव्याला बोट लावून बघावं तसा नेऊन लगेच परत आणायचा. बाकी वेळ दोन्ही हात घट्ट, बोटांची पेरं पांढरी. समोरून पावाची दोन बोटं उठत, दुधाचा अख्खा हात हले, आणि हा मनातल्या मनात म्हणे, 'नमस्कार, नमस्कार, पण आत्ता नको.' हे तो कुणाजवळ बोलला नव्हता. बायकोजवळही नाही. लाटसाहेब म्हणवून घेणं त्यापेक्षा सोपं होतं.

त्या दिवशी सकाळी अकराला तो मोतीबिंदूचे बारा पेशंट घेऊन खाली निघाला. प्रत्येकाच्या एका डोळ्यावर पांढरी पट्टी. बारा माणसं आणि बारा डोळे. त्यांतले दोघे बोलणारे होते. एक, पाठीमागच्या सीटवरचे टेलरकाका, ज्यांनी आयुष्यभर सुईत दोरा ओवला होता आणि आता ओवता येईल या आनंदात होते. आणि दुसऱ्या, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर, खुद्द सासूबाई.

निघताना सिस्टरने गाडीत चढून सगळ्यांना बजावलं होतं. वाकायचं नाही, शिंकायचं नाही, रडायचं नाही. मग ड्रायव्हरकडे वळून म्हणाली, "गचका बसता कामा नये. टाके ताजे आहेत. आणि पेशंटना घाबरवू नका, घाबरले की डोळ्यातलं प्रेशर वाढतं."

"मी कशाला घाबरवतोय," तो म्हणाला. घाबरण्याचं खातं तो एकटाच सांभाळत होता.

पहिली सहा वळणं नेहमीसारखी गेली, म्हणजे जीव मुठीत धरून.

सातव्या वळणावर त्याने ब्रेकवर पाय ठेवला आणि ब्रेक खाली गेला. तसा तो रोजच जातो, पण रोज कुठेतरी थांबतो. आज तो उशीत पाय रुतावा तसा जातच राहिला. त्याने पाय उचलून पुन्हा दाबला. गाडीने थोडं ऐकलं. तिसऱ्यांदा दाबला तेव्हा पेडल सरळ खालच्या पत्र्याला टेकलं आणि तिथेच पडून राहिलं, पुन्हा वर यायची त्याची इच्छाच नव्हती.

त्याच्या पोटात गोळा आला. गोळा त्याला रोज यायचा, ठरलेल्या सात-आठ ठिकाणी. ते ओळखीचे गोळे होते. हा नवीन होता.

तीन वर्षं तो रोज याच क्षणाची तयारी करत आला होता. झोपण्याआधी मनात घोकायचा: आधी गिअर, मग हँडब्रेक, मग हॉर्न. डावा हात सुटला, गिअरच्या दांड्यावर गेला आणि तिसऱ्यातून दुसऱ्यात खेचला. इंजिनाने असा टाहो फोडला की मागून टेलरकाका म्हणाले, "गाणं जरा बारीक करता का?"

गाडी चाळीसवर आली. चाळीस हा आकडा सपाटीवर सभ्य असतो. वळणावर तो उंबऱ्याबाहेर पाय काढून उभा असतो.

आठवं वळण त्याने स्टिअरिंगवर छाती टेकून घेतलं. बाहेरच्या बाजूची चाकं खडीवरून करकरली आणि परत रस्त्यावर आली. मग त्याने हँडब्रेक ओढला. गाडीने जराशी मान खाली घातली, खालून जळका वास आला, आणि कुठेतरी 'टण्ण' झालं. दांडी त्याच्या हातात सैल झाली. वर करा, खाली करा, तिचं काही म्हणणं नव्हतं.

"कसला हो वास येतोय?" सासूबाईंनी विचारलं.

"घाटाचा," तो म्हणाला.

"मागच्या वेळी नव्हता."

"मागच्या वेळी तुम्हाला नीट दिसत नव्हतं ना, आई."

वासाचा आणि दिसण्याचा काय संबंध, हे सासूबाईंनी मनात घोळवलं. तोवर नववं वळण आलं आणि गेलं.

त्याची पाचावर धारण बसली होती. घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला हात नव्हता. त्याने हॉर्न दाबला. पण त्या घाटात प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवायचीच रीत, त्यामुळे एका भुरक्या शेळीने मान वर करण्यापलीकडे काही घडलं नाही. दिव्यांची उघडझाप केली. समोरच्या जीपवाल्याने उलट उघडझाप केली आणि निघून गेला. पुढे पोलीस उभे आहेत असं ही मिनीबस सांगतेय, असा त्याने अर्थ घेतला असावा, कारण तो घाईघाईने पट्टा लावताना दिसला.

यादी संपली. आता उरला एकच उपाय, आणि तो त्याच्या यादीत कधीच नव्हता.

समोरून पावाची गाडी येत होती. त्याने उजव्या हाताची बोटं स्टिअरिंगवरून सोडवली. एकेक सोडवावी लागली. मग तो हात खिडकीबाहेर काढला आणि जिवाच्या आकांताने हलवला. थांबा, वाचवा, काहीतरी करा, असा तो हात होता.

पावाच्या गाडीवाल्याचं तोंड उघडं पडलं. त्याने नेहमीची दोन बोटं उचलली, मग ती कमी पडताहेत असं वाटून दहाच्या दहा उचलली, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की जणू दुरावलेला भाऊ दारात उभा राहिलाय. गाडी बाजूने जाताना आवाज आला, "अरे वा! अरे वा रे वा!"

ड्रायव्हरने आरशात पाहिलं. पावाची गाडी रुंद जागेवर थांबली होती. क्षणभर त्याला वाटलं, कळलं! आता हा वळेल. पण तो खाली उतरून फोन लावत होता, आणि फोनवर बोलताना हसत होता.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आणि तोंडचं पाणी पळालं. या रस्त्यावर अडचणीत आलेला माणूस ओळखायची एकच खूण होती: हात न करणं. ती खूण तो तीन वर्षं रोज येता-जाता वापरून बसला होता. आता त्याच्यापाशी उरलं होतं ते हात करणं, आणि त्याचा अर्थ सगळं छान चाललंय असा होता.

"काय हे!" सासूबाई टाळी वाजवायच्या बेतात होत्या, पण सिस्टर आठवून थांबल्या. "तुम्ही चक्क हात केलात! मी मुलीला म्हणत होते, माणूस वाईट नाही, नुसता घुमा आहे. वेळ लागतो एकेकाला."

"आई, जरा—"

"नाही, नाही, करा. छान दिसतं."

अकराव्या वळणानंतर दुधाचा टँकर आला. त्याने आधी हात हलवला, मग डोकं बाहेर काढून बेंबीच्या देठापासून ओरडला, "ब्रेक गेलेऽऽ!" इंजिनाच्या किंचाळण्यात त्यातलं काहीही पलीकडे पोचलं नाही. पण हा माणूस बोलतोय एवढं बाईला दिसलं. तिने कंबरेपर्यंत बाहेर येऊन हात हलवला आणि ओरडली, "तुम्हालाही!"

त्यानंतर बातमी त्याच्या पुढे धावू लागली. समोरून येणारा प्रत्येक जण आधीच तयार होता. वाळूच्या ट्रकवाला स्टिअरिंगमागे उभा राहून हात करत होता, त्याने तो कसा केला ते त्यालाच माहीत. कचऱ्याच्या ट्रकवाल्याने तर नाकावरचा हात काढला. ड्रायव्हर प्रत्येकाकडे बघून किंचाळत होता, आणि प्रत्येक जण त्याला उलट हसून दाखवत होता. वाचवायला या म्हणून हाका मारायच्या आणि लोकांनी अभिनंदन करावं, असं एखाद्या वाईट स्वप्नात होतं. पण स्वप्नात डिझेलचा काटा दिसत नाही. इथे दिसत होता.

एकतिसाव्या वळणापुढे पंक्चरचं दुकान. त्याच्यासमोर चार माणसं ओळीत उभी होती, पंक्चरवाला मधोमध, हातात टायरची ट्यूब, मिरवणुकीत फिरवावी तशी फिरवत. शेवटच्याने फोन उंच धरला होता.

आता मात्र ड्रायव्हरचा धीर सुटला. रस्ता दोनशे पावलं सरळ होता. त्याने दोन्ही हात सोडले, डोक्यावर नेले आणि फुलीसारखे एकमेकांवर आपटले. नाही! नाही! बंद! बंद!

"दोन्ही हातांनी!" पंक्चरवाला आनंदाने ओरडला, आणि चौघांनी दोन्ही हातांची फुली करून दाखवली.

गाडीत एकदम शांतता पसरली. म्हणजे इंजिन बोंबलत होतं, पण सासूबाई गप्प झाल्या होत्या. त्या उघड्या डोळ्याने त्याच्याकडे बघत होत्या. त्यांनी या जावयाला आठ वर्षं पाहिलं होतं. जिना उतरताना तो कठडा सोडत नाही. पाळण्यात नातीला झोका देताना दुसऱ्या हाताने पाळण्याची दोरी धरून ठेवतो. असा माणूस दोन्ही हात सोडतो?

त्या त्याच्याकडे झुकल्या. वाकायचं नव्हतं म्हणून सरळ पाठीने, कपाट कलावं तशा.

"जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "ब्रेक गेलेत का?"

"हो, आई."

"कधी?"

"सातव्या वळणाला."

"मग बोलायचं नाही का?"

"सिस्टरनी सांगितलंय पेशंटना घाबरवू नका."

सासूबाईंनी यावर विचार केला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, पण आवाज जागेवर होता. "बरं. मी घाबरलेय, पण ते राहू दे. थांबायची जागा कुठेय?"

"कुठेच नाही. डोंगराला घासावी तर उलटेल. आणि खाली..."

खाली काय आहे ते दोघांनाही ठाऊक होतं. शेवटची तीन किलोमीटर रस्ता जवळजवळ सरळ होता आणि सगळ्यात तीव्र उताराचा. तो जिथे संपे तिथे चौक, आणि चौकात भाजीबाजार. या वेळेला तिथे रस्त्याच्या दोन्ही कडांना बायका टोपल्या मांडून बसतात आणि मधल्या जागेत अख्खं गाव पिशव्या घेऊन फिरत असतं.

"पहिल्या गिअरमध्ये टाकतो," तो म्हणाला. "अजून थोडी धरेल."

हीच त्याची चूक झाली. चाळीसच्या वेगात पहिला गिअर कुठली गाडी घेईल? दांडा दुसऱ्यातून निघाला, पहिल्याच्या दारावर खडखड करून परत आला, आणि मग त्याला दुसऱ्यानेही घरात घेतलं नाही. खर्र, खर्र. इंजिनाचं किंचाळणं थांबलं. एकाएकी गाडी अगदी मुकाट झाली, आणि फक्त वारा ऐकू येऊ लागला.

"आता बरं वाटलं," टेलरकाका म्हणाले.

पंचेचाळीस. पन्नास. शेवटची वळणं त्याने कशी घेतली हे पुढे तो कधी सांगू शकला नाही. तीन वेळा बारा माणसं एका बाजूला कलली आणि तीन वेळा परत आली. मागून कुणीतरी देवाचं नाव घेऊ लागलं, कुणीतरी रडू लागलं, आणि टेलरकाका कडाडले, "रडायचं नाही! टाके!"

सासूबाई मागे वळल्या. "ऐका. ब्रेक गेलेत. आता आरडाओरडा करून उपयोग नाही. सगळ्यांनी डोकं सीटला मागे टेकवा, पट्टीवर तळहात ठेवा, दुसऱ्या हाताने पुढचा दांडा धरा. आणि कुणीही शिंकायचं नाही."

"कोण शिंकतंय आता?" टेलरकाका पुटपुटले, पण त्यांनीही डोकं टेकवलं.

चौतिसावं वळण गेलं आणि सरळ उतार उघडला. तळाशी चौक दिसत होता, रंगीत ठिपक्यांनी भरलेला. आणि मधे, दोन-तीनशे पावलांवर, त्याच्याच दिशेने खाली उतरणारा खडीचा ट्रक. गच्च भरलेला, आपल्या चालीने.

त्याने हॉर्नवर तळहात ठेवला आणि ठेवूनच दिला. बाजूला हो. बाजूला हो रे बाबा. उजवीकडून निघून जावं एवढा रस्ता होता.

ट्रक बाजूला झाला नाही. उलट, कडेने चाललेला तो ट्रक सरकत सरकत रस्त्याच्या बरोबर मधोमध आला आणि तिथेच राहिला. मिनीबस उजवीकडे वळली, तो उजवीकडे आला. डावीकडे वळली, तो डावीकडे.

ड्रायव्हरला कळून चुकलं की हा सूड आहे. हा खडीवाला. याच्यासमोरून गेली तीन वर्षं आपण सकाळ-संध्याकाळ हात न करता गेलो. त्याने ते सगळे न केलेले हात मनात धरून ठेवलेत, आणि आज वसूल करायला निघालाय.

"माफ कर!" तो काचेतून ओरडला. "उद्यापासून करतो! रोज करतो!"

मधलं अंतर शंभर पावलं उरलं. पन्नास. मग एक विचित्र गोष्ट घडली. ट्रकच्या धुराड्यातून काळा भपका निघाला आणि तो पळू लागला. एवढ्या उतारावर, भरलेला ट्रक, वेग वाढवत होता. अंतर कमी व्हायचं मंदावलं. ट्रकच्या खिडकीतून एक जाडजूड हात बाहेर आला. तो हात हलत नव्हता. तळवा मागे, बोटं आत मिटत उघडत: ये. ये. हळूच ये.

ड्रायव्हर बघतच राहिला.

"तो बोलावतोय," सासूबाई म्हणाल्या.

"कुठे?"

"त्याच्या पाठीला लावा म्हणतोय. तो थांबवेल आपल्याला."

"आई, ती खडी आहे. आठ-दहा टन खडी. गचका बसेल."

"खाली काय आहे ते बघा आणि मग मला गचका सांगा."

त्याने पाहिलं. रंगीत ठिपक्यांना आता डोकी फुटली होती. टोपल्या ओळखू येत होत्या. एक बाई पाठमोरी उभी राहून भोपळा हातात तोलत होती.

आयुष्यभर त्याने एकच गोष्ट टाळली होती, ती म्हणजे कशालाही जाऊन लागणं. सगळं अंग नको म्हणत होतं. बोटं स्टिअरिंग वळवायला निघाली होती, डोंगराकडे, हवेकडे, कुठेही, फक्त ट्रकच्या त्या मागच्या फाळक्याकडे नको. आणि त्या फाळक्यावर मोठ्या पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं: अंतर ठेवा.

"लावा," सासूबाई म्हणाल्या.

त्याने स्टिअरिंग सरळ धरलं.

अंतर चार हात राहिलं. दोन. एक वीत. पिवळा 'अं' काचेएवढा झाला. आणि मग मिनीबसचं नाक ट्रकच्या पाठीला टेकलं, धाडकन नव्हे, एखादा म्हातारा बैल गोठ्यात दुसऱ्याच्या अंगाला डोकं टेकवतो तसं. दिवे फुटले. बंपर कण्हला. चार-पाच खडे टपावर टपटपले. मग ट्रकचे मागचे लाल दिवे लागले, विझले, लागले, आणि दोन्ही गाड्या एकमेकींना चिकटून हळू होऊ लागल्या. जळक्या रबराचा पांढरा धूर दोन्ही बाजूंनी वर आला. पंचेचाळीस. तीस. पंधरा.

भाजीबाजाराच्या अलीकडे साठ पावलांवर सगळं थांबलं.

मग टेलरकाका म्हणाले, "एवढाच? माझी सून दार लावते त्याचा गचका याहून मोठा असतो." आणि बारा माणसं एकदम बोलू लागली.

खडीवाला खाली उतरून खिडकीशी आला. दारात मावणार नाही असा माणूस.

"सगळे ठीक?"

ड्रायव्हरने मान हलवली.

"मला पंक्चरवाल्याचा फोन आला," खडीवाला म्हणाला. "म्हणे लाटसाहेबांनी हात केला. म्हटलं, चांगलं झालं. म्हणे दोन्ही हातांनी केला. म्हटलं, दोन्ही? आता आपण रोज समोरून बघतो तुम्हाला. पेरं पांढरी. घाम. मी म्हणायचो, अरे हा माजोरी नाही, हा टरकलाय. कुणी ऐकत नव्हतं. असा माणूस दोन्ही हात सोडतो म्हणजे धरण्यासारखं काही उरलेलं नाही. मग आरसा बघितला."

ड्रायव्हरच्या तोंडून पहिले शब्द निघाले. "मला भीती वाटते."

"आत्ता?"

"रोज. पहिल्या वळणापासून."

खडीवाल्याने मान डोलावली. "उतरा आता."

पण त्याला उतरता येईना. हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते. शेवटी सासूबाईंनी बाजूला बसून एकेक बोट सोडवलं, शेंगा सोलाव्यात तसं, आणि सुटलेलं बोट परत जाऊ नये म्हणून आपल्या मुठीत धरून ठेवलं.

बाराही जणांच्या पट्ट्या जागच्या जागी होत्या. ब्रेकची फुटलेली नळी बदलली, हँडब्रेकची केबल नवी टाकली. पंधरा दिवसांनी मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "चालवणार ना?" आणि तो हो म्हणाला. का म्हणाला ते त्यालाही कळलं नाही. बहुधा नाही म्हणायची भीती वाटली असावी.

दरम्यान पंक्चरच्या दुकानासमोर पुन्हा बैठक भरली होती. तीत एकमताने ठरलं, की या रस्त्यावर ज्याने हात केला नाही तो अडचणीत, हा नियम कायम. मात्र लाटसाहेबांच्या बाबतीत उलट. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसले तर सगळं छान. एक सुटला तर मागे फिरा. दोन सुटले तर पुढे कोण आहे त्याला फोन करा. हे सांगायला दुधाची बाई स्वतः दवाखान्यात आली आणि म्हणाली, "तुम्ही आता अगदी निश्चिंत राहा."

सोमवारी तो पुन्हा निघाला. माथ्यावर गाडी सुरू केली, दोन्ही हात घट्ट धरले, आणि पहिल्या वळणाला पोटात ओळखीचा गोळा आला. समोरून पावाची गाडी. गाडीवाल्याने दोन बोटं उचलली, मग मान पुढे काढून त्याचे हात मोजले, एक, दोन, आणि समाधानाने निघून गेला. मागोमाग वाळूवाला. त्यानेही मोजले. त्याच्या मागे आणखी सहा गाड्या चढत होत्या, सगळ्यांच्या नजरा काचेतून थेट त्याच्या बोटांवर.

दुसऱ्या वळणावर त्याच्या नाकाच्या शेंड्यावर एक माशी येऊन बसली.

दहा किलोमीटर बाकी होते. ड्रायव्हरच्या कपाळावर घाम फुटला. त्याने नाक डावीकडे हलवलं, उजवीकडे हलवलं, ओठ वर करून फुंकर मारली. माशी जरा उडाली, आणि जास्त सोयीच्या जागी बसली. समोरून दुधाचा टँकर येत होता, पाच हजार लिटर भरलेला, आणि बाई आधीच गाडी वळवायच्या तयारीत, डोळे बारीक करून बघत होती.